सोलापूरच्या मध्यवस्तीत १८ मजली ऑफिस टॉवर: उंची कोण ठरवते?

प्रश्नकर्त्याने दिलेली माहिती थोडक्यात अशी आहे. सोलापुरात पार्क चौक आणि भुईकोट किल्ला यांच्या दरम्यान तिघा भावांच्या नावावर जेमतेम १८ गुंठे जागा आहे. रस्त्यावरची रुंदी ३० मीटर आणि खोली ६० मीटर आहे. जागेवर वडिलांच्या काळातील सुताची वखार बंद अवस्थेत उभी आहे. एक बिल्डर तिथे १८ मजल्यांचा, चारही बाजूंनी काचेचा ऑफिस टॉवर बांधू म्हणतो, आणि ‘वरच्या मजल्यांवरून किल्ला, सिद्धेश्वर तलाव आणि इंद्रभुवनाची जुनी इमारत एका नजरेत दिसेल, त्यामुळे दर चांगला मिळेल’ असे सांगतो. ‘सोलापूरच्या जमिनीवर १८ मजले टिकतील का?’ हा त्यांचा प्रश्न आहे.

मी गेली २७ वर्षे सोलापुरात आरसीसी डिझाइनचे काम करतो, त्यामुळे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येते: टिकतील. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, आणि त्याच्यावर पाया नीट बसवला तर १८ मजल्यांचे ओझे ही त्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट नाही. परंतु तुमची खरी अडचण जमिनीच्या ताकदीची नाही. त्या जागेवर इमारतीची उंची तिच्या शेजाऱ्यांवर, म्हणजे किल्ला, विमानतळ, रस्ता आणि लगतचे जुने वाडे यांच्यावर ठरणार आहे, आणि बिल्डरच्या प्रस्तावात या शेजाऱ्यांचा उल्लेख केवळ ‘व्ह्यू’ म्हणून आलेला आहे. जागा न पाहता लिहीत असल्याने काही गोष्टी मला अटींसह सांगाव्या लागतील. विकास आराखड्यात जागेचा झोन कोणता आहे, समोरचा रस्ता कागदावर किती मीटरचा आहे आणि जागा दाट वस्तीच्या हद्दीत मोडते की बाहेर, या तीन गोष्टींवर पुढचे बरेच आकडे बदलू शकतात.

पहिला शेजारी किल्ला. सोलापूरचा भुईकोट किल्ला केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत आहे. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित असतो आणि त्यापुढील २०० मीटरचा पट्टा विनियमित असतो. प्रतिबंधित पट्ट्यात नवे बांधकाम करता येत नाही. विनियमित पट्ट्यात सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीनंतर परवानगी मिळते, आणि त्या परवानगीत किती उंचीपर्यंत बांधायचे हे लिहिलेले असते. इथे लोक एक चूक नेहमी करतात. ते तटाच्या भिंतीपासून टेप धरतात. मोजणी संरक्षित हद्दीपासून होते, आणि ही हद्द तटाच्या बाहेर खंदकाच्या कडेपर्यंत किंवा त्याही पुढे असू शकते. तुम्ही लिहिले आहे की तट ‘साधारण दोनशे मीटरवर’ आहे. मग तुमची जागा विनियमित पट्ट्यात येण्याची शक्यता बरीच आहे, आणि तिचा एखादा कोपरा कोणत्या पट्ट्यात पडतो यावर सगळा प्रकल्प फिरू शकतो. म्हणून अधिकृत मोजणीचा नकाशा हातात येईपर्यंत मजल्यांचा कोणताही आकडा ऐकून घेऊ नका.

दुसरा शेजारी दूरचा आहे, पण तोही कडक आहे. होटगी रोडच्या विमानतळाच्या मार्गातील अडथळा म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मीटरची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली, हे सोलापुरात कोणाला सांगावे लागत नाही. त्या प्रकरणाच्या वादात मला शिरायचे नाही. उंचीचा प्रश्न बांधकामानंतर उद्भवला तर तो किती महाग पडतो, एवढेच त्यातून घ्यावे. विमानतळाभोवतीच्या उंचीच्या मर्यादा धावपट्टीच्या पातळीपासून मोजतात. धावपट्टीच्या जवळच्या वर्तुळात ४५ मीटरची सपाट मर्यादा असते आणि तिच्या बाहेर ती मर्यादा उतारासारखी हळूहळू वर चढत जाते. पार्क चौक त्या मानाने लांब आहे, त्यामुळे तुम्हाला बहुधा बरीच मोकळीक मिळेल. तरीही विमानतळ प्राधिकरणाचे ना-हरकत पत्र आधी घ्यावे. त्यात दिलेली उंची समुद्रसपाटीपासूनची असते आणि तीत पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, वीजरोधक दांडा आणि उद्या गच्चीवर कोणी बसवील तो मोबाइलचा टॉवर हे सगळे धरलेले असते. ‘आमचे १८ मजले बसतात’ असे म्हणणारे बहुतेक जण गच्चीच्या वरचे सहा-सात मीटर विसरलेले असतात.

आता तुमच्याच जागेचा हिशेब करू, कारण माझ्या मते १८ मजल्यांचा निकाल इथेच लागतो. ऑफिसच्या एका मजल्याची उंची ३.६ मीटर धरली तर १८ मजल्यांची इमारत जवळजवळ ६५ मीटर होते. राज्याच्या २०२० च्या एकात्मिक नियमावलीत दाट वस्तीबाहेरील उंच इमारतींची बाजूची सामासिक अंतरे (म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) उंचीच्या एक पंचमांशाच्या हिशेबाने वाढत जातात आणि १२ मीटरवर थांबतात. म्हणजे दोन्ही बाजूंना १२ मीटर सोडावे लागतील. तुमची रुंदी ३० मीटर आहे. उरले ६ मीटर. या ६ मीटरच्या पट्टीत दोन जिने, लिफ्ट, अग्निशमनाची वेगळी लिफ्ट आणि पाइपांचे डक्ट बसवल्यावर खुर्ची ठेवायला जागा राहत नाही, आणि रुंदीच्या दहापटींहून उंच असलेली अशी इमारत म्हणजे जमिनीत खोचून उभी केलेली फूटपट्टी होय. याउलट इमारत ३० मीटरच्या आत ठेवली, म्हणजे साधारण आठ मजले, तर बाजूला प्रत्येकी ६ मीटर सोडून १८ मीटर रुंदीचा चांगला, दोन्हीकडून उजेड येणारा मजला मिळतो. चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे जागेच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते तो आकडा, रस्त्याच्या रुंदीवर ठरत असल्याने तो कदाचित सहाव्या-सातव्या मजल्यावरच संपेल. दाट वस्तीचे नियम लागू झाले तर अंतरे वेगळी असतील, म्हणून तुमच्या आर्किटेक्टकडून हा हिशेब पुन्हा करून घ्या, पण त्याचा रोख बदलेल असे मला वाटत नाही.

उंचीबरोबर खर्च सरळ रेषेत वाढतो, असा एक समज आहे. वारा सगळीकडे सारखा धरला तरी इमारतीची उंची दुप्पट झाली की पायाशी येणारे उलथवण्याचे बल चौपट होते, आणि प्रत्यक्षात वर वारा अधिक असतो. भूकंपाचा विचार त्यात वेगळा. १८९३ क्रमांकाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत सोलापूर तिसऱ्या भूकंप क्षेत्रात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून लोक नुकतेच आडवे झाले असताना किल्लारीचा धक्का बसला, तेव्हा मी विद्यार्थी होतो. तिथे पडली ती जाड दगड-मातीच्या भिंतींची आणि जड माळवदाची घरे, त्यामुळे ‘आरसीसी असले की झाले’ असा एक गैरसमज आपल्याकडे त्यानंतर रुजला. २६ जानेवारी २००१ रोजी भूजच्या भूकंपात, केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत, आरसीसीच्याच बहुमजली इमारती कोसळल्या, आणि त्यांतील अनेकींच्या तळमजल्यावर भिंती नव्हत्या, केवळ पार्किंगचे कॉलम होते. तुमच्याकडे तळाला शोरूम म्हणजे पुन्हा मोकळा मजलाच येणार आहे. तेव्हा लिफ्टभोवतीच्या भिंती पायापासून गच्चीपर्यंत अखंड आरसीसीच्या हव्यात, आणि ५० मीटरच्या वर गेलात तर उंच इमारतींसाठीचे १६७०० क्रमांकाचे स्वतंत्र मानक लागू होते, म्हणून डिझाइनची तपासणी वेगळ्या तज्ज्ञाकडून करून घ्यावी. हे सगळे जमते, परंतु त्याचे पैसे पडतात, आणि ते भरून काढण्याइतका ऑफिसचा दर सोलापुरात वरच्या मजल्यांना मिळताना मी पाहिलेला नाही. आपल्याकडे नवी पेठेत तळमजल्याच्या गाळ्यासाठी भांडणे होतात आणि तिसऱ्या मजल्यापासून वर ‘भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या लागतात.

पायाबद्दल मात्र मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण सोलापुरात फसगत होते ती इथे. वर काळी माती, खाली मुरूम, मग मऊ खडक आणि मग पाषाण, असा क्रम सर्वसाधारणपणे खरा आहे. पण लाव्हाचे थर एकावर एक साचून हा खडक झालेला असल्याने कठीण पाषाणाच्या दीड-दोन मीटरच्या थराखाली कधी कधी गेरूसारखा तांबडा, ओला झाला की बोटाने दबणारा थर निघतो. जमीन तपासण्यासाठी बोअर घेणारा माणूस पहिला कठीण खडक लागला की मशीन उचलतो, कारण त्याला त्याच खोलीचे पैसे ठरवलेले असतात. तुमच्या जागेत किमान चार बोअर घ्यायला लावा आणि प्रत्येक बोअर पाषाणात काही मीटर आत जाऊ द्या. शिवाय किल्ल्याच्या बाजूला जुन्या खंदकाची किंवा ओढ्याची भर निघण्याची शक्यता गृहीत धरा.

पेठांमध्ये याहून वेगळी एक गंमत असते. काही वर्षांपूर्वी एका चार मजली इमारतीच्या कामावर आम्ही फुटिंगचे, म्हणजे कॉलमच्या पायाचे, खड्डे तपासत होतो. सगळे खड्डे पिवळ्या, घट्ट मुरमात होते आणि एकाच खड्ड्याच्या कोपऱ्यात हातभर जागा जरा काळपट दिसत होती. मुकादम म्हणाला, साहेब, राख असेल, पूर्वी चूल असणार इथे. मी तिथे एक घमेले पाणी ओतायला सांगितले. बाकी मुरमावर पाणी साचून राहिले, आणि त्या कोपऱ्यात ते भोवरा करून खाली गेले. पहारीने उकरल्यावर हात घालता येईल एवढे तोंड उघडले आणि आतून कुबट, जुन्या धान्याचा वास आला. ते ज्वारी साठवण्याचे पेव होते, वर अरुंद आणि आत खोलीएवढे रुंद, अर्धे कचऱ्याने भरलेले आणि अर्धे पोकळ. तो कॉलम त्याच्यावर उभा राहिला असता तर इमारत लगेच पडली नसती, एखाद्या पावसाळ्यात तिने एका बाजूला अंग टाकले असते. तुमच्या वखारीच्या जागेतही पेव किंवा बुजवलेला आड असू शकतो. वखार पाडण्यापूर्वी आजूबाजूच्या एखाद्या वयस्कर माणसाला बोलावून चहा पाजा आणि विचारा. बोअरला जे सापडत नाही ते अशा माणसाला आठवत असते.

तळघर घेणार असाल तर लगतच्या वाड्यांचा विचार आधी करा. अमेरिकेत बोस्टन शहराच्या मध्यभागी जॉन हॅनकॉक टॉवर नावाची ६० मजली, २४१ मीटर उंचीची काचेची इमारत १९७६ साली पूर्ण झाली. तिच्या शेजारी ट्रिनिटी चर्च आहे, १८७७ साली बांधून झालेले, म्हणजे आपल्या जुन्या मिलच्या वयाचे. टॉवरच्या पायासाठी खोदलेल्या खड्ड्याच्या आधारभिंती आत झुकल्या, भराव टाकून तयार झालेली तिथली माती सरकली आणि चर्चच्या बांधकामाला तडे गेले. त्याची भरपाई पुढे न्यायालयामार्फत द्यावी लागली. काचा निखळून पडू लागल्या तो प्रकार वेगळाच, शेवटी १०,३४४ काचा बदलल्या गेल्या. गंमत अशी की, शेजारच्या चर्चचे प्रतिबिंब अंगावर उमटते म्हणूनही त्या काचेचे कौतुक होते. आपली जमीन बोस्टनसारखी लोण्यासारखी नाही, पण आपल्या पेठांतील वाड्यांच्या भिंती मातीने भरलेल्या सांध्यांवर उभ्या आहेत आणि त्यांचा पाया बहुधा तुमच्या तळघराच्या निम्म्या खोलीवरच संपतो. पाषाण लागल्यावर तिथे सुरुंग लावता येत नाही. ब्रेकरने फोडावा लागतो किंवा भोके पाडून फुगणारे रसायन भरावे लागते, आणि दोन्ही कामे सावकाश होतात.

अशा कामावर मी खोदाईच्या आधी शेजाऱ्याच्या प्रत्येक भेगेवर काचेची बोटभर पट्टी सिमेंटने चिकटवून तिच्यावर पेन्सिलीने तारीख लिहितो, आणि शेजाऱ्यासमक्ष फोटो काढतो. रोज सकाळी पट्ट्या पाहायच्या. एखादी तडकलेली दिसली की त्या बाजूचे खोदकाम त्या क्षणी थांबवायचे. या उपायाला फारसा खर्च येत नाही, आणि त्याचा दुसरा फायदा असा की, जुनी भेग आणि नवी भेग यांवरून होणारी भांडणे टळतात.

काचेबद्दल माझे मत तुम्हाला जुनाट वाटेल. सोलापूर १७.७ अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीस आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. त्या काळात दुपारी बाराला दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास पडतच नाही, आणि पूर्व-पश्चिमेच्या भिंती मात्र सकाळ-संध्याकाळ भाजून निघतात. पारा ४३-४४ वर असताना पश्चिमेची काच म्हणजे संध्याकाळी सहापर्यंत चालणारी शेगडीच. तुमची जागा लांबट आहे. तिची लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाची असेल तर नशीब चांगले आहे. नसेल तर पश्चिमेला जिने, लिफ्ट आणि स्वच्छतागृहे टाका आणि खिडक्यांना खोल छज्जे द्या. अप्पासाहेब वारदांच्या इंद्रभुवनाकडे लोक नक्षीसाठी पाहतात. मी त्याच्या व्हरांड्यांकडे पाहतो, कारण भिंतीवर ऊन पडू द्यायचे नाही हा साधा विचार त्यात आहे. टॉवरमधून इंद्रभुवन दिसावे असे बिल्डरला वाटते, तर त्याने आधी इंद्रभुवनाकडून एवढे घ्यावे.

पाणी आणि आग यांचा हिशेब एकत्रच करावा. राष्ट्रीय बांधकाम संहितेत ऑफिससाठी माणशी रोज ४५ लिटर पाणी धरले जाते. आठ मजल्यांत ५०० माणसे धरली तर रोजचे साडेबावीस हजार लिटर होतात, आणि आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नसल्याने पाच दिवसांचा साठा म्हणजे एक लाख लिटरच्या वर जातो. आगीसाठीची टाकी याव्यतिरिक्त, आणि तिला हात लावायचा नाही. २४ मीटरच्या वर गेलात की संहितेप्रमाणे आश्रयासाठी मोकळी जागा ठेवावी लागते. अग्निशमनाची गाडी इमारतीभोवती फिरू शकली पाहिजे, आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या दिवसांत होम मैदानाकडचे रस्ते माणसांनी भरलेले असताना ती तुमच्या दारापर्यंत कोणत्या बाजूने येणार, हे अग्निशमन अधिकाऱ्याबरोबर जागेवर उभे राहून ठरवा. नकाशात रस्ता मोकळा असतो, पण नंदीध्वजांच्या मिरवणुकीत तो तसा नसतो.

‘व्ह्यू’चा मुद्दा उरला. वरून तलाव दिसतो तेव्हा तलावावरूनही इमारत दिसते. सिद्धेश्वर मंदिराच्या आवारात उभे राहिले की पाणी, त्यापलीकडे किल्ल्याचे बुरूज आणि वर आभाळ, एवढेच डोळ्यांत यावे असे सोलापूरकराला वाटते, आणि परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यालाही ते वाटू शकते. त्यासाठी एक साधी चाचणी आहे. वारा पडलेला असताना, भल्या सकाळी, मोठा लाल फुगा मापाच्या दोरीने जागेवरून ३० मीटरवर आणि मग ६५ मीटरवर सोडा, आणि मंदिर, किल्ल्याची बाग आणि चार पुतळ्यांपासून त्याचे फोटो घ्या. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली, त्यांच्या पुतळ्यांमागे काय उभे राहते हा प्रश्न या शहरात परवानगीच्या बैठकीत निघणारच, आणि तेव्हा तुमच्याकडे फोटो असलेले बरे. अर्जाला हे फोटो जोडले तर चर्चा अंदाजांवर चालत नाही. मी हे एकदा केले आहे. मालकाने स्वतःच दोन मजले कमी केले, कोणी सांगायच्या आधी.

म्हणजे बिल्डरला नकार द्या, असे मी म्हणत नाही. त्याला क्रम बदलायला सांगा. आधी किल्ल्याच्या हद्दीचा मोजणी नकाशा, विमानतळाचे पत्र, झोनचा दाखला आणि चार बोअर, आणि हा खर्च त्याने करावा. त्यानंतर करार. करारात तुमचा हिस्सा ‘वरचे अमुक मजले’ असा कधीही लिहून घेऊ नका, कारण उंची कापली गेली तर कापले जातील ते तुमचेच मजले. हिस्सा मंजूर चटई क्षेत्राच्या टक्क्यांत आणि तळमजल्यावरच्या गाळ्यांच्या ठरावीक लांबीत लिहून घ्या. आणि बोअरचे अहवाल येतील तेव्हा त्यांत पाण्याची पातळी कोणत्या महिन्यात नोंदवली आहे ते आवर्जून पाहा. मे महिन्यातील पातळी धरून डिझाइन केलेले एक तळघर मला माहीत आहे. गाड्यांसाठी बांधले होते, आता तिथे जुलैपासून दिवाळीपर्यंत पंप चालतो.